ओळखीच्या फायली आधी बाजूला काढ
डिजिटल तपासात डिस्कवरच्या लाखो फायली एकेक उघडत बसू नकोस. आधी सगळ्यांचे हॅश (फाईलच्या मजकुरावरून गणिताने निघणारी, बोटाच्या ठशासारखी खूण) काढ आणि अमेरिकेतल्या एनआयएसटी या सरकारी मानक संस्थेच्या एनएसआरएल यादीशी, म्हणजे माहीत असलेल्या सॉफ्टवेअर फायलींच्या हॅशच्या यादीशी, ताडून बघ. विंडोज, ऑफिसच्या मूळ फायलींचा बराचसा ढीग तिथेच बाजूला पडतो. कुणी फायलीचं नाव बदललं असेल तरी बिघडत नाही, हॅश आतल्या मजकुरावरून निघतो.

पण ती यादी निर्धोक फायलींची नाही, नुसत्या माहीत असलेल्या फायलींची आहे. तिच्यात हॅकिंगची साधनंही सापडतात (नवी मंडळी हमखास इथेच फसतात), म्हणून जुळलं की डोळे झाकून वगळू नकोस. न जुळलेली प्रत्येक फाईल संशयित, असंही नाही. कारण एक बाइट बदलला तरी हॅश पार वेगळा. एसएचए-१ या हॅश काढायच्या जुन्या पद्धतीत टक्कर, म्हणजे दोन वेगळ्या फायलींचा एकच हॅश, २०१७ मध्ये प्रत्यक्ष घडवून दाखवली गेली, तेव्हा एसएचए-२५६ ही नवी पद्धत वापर.