सूत्र पाठ आहे, तरी पेपर कोरा

"मॅडम, घरी सगळं येतं, पेपरात ब्लँक होतो." कोथरूडच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत दहावीचे पालक बहुधा हेच वाक्य घेऊन येतात. या आईला क्लास बदलायचा होता, नाहीतर एकाग्रतेचं काही औषध. मुलगा शेजारी बसून सॅकची चेन उघडझाक करत होता. (ओळखीचे तपशील बदलले आहेत.)

मी सराव परीक्षेचा पेपर मागितला. वर्गसमीकरणापाशी कागद खोडून खोडून फाटायला आला होता. २एक्स² − ७एक्स + ३ = ०. आमच्या वेळी तिथे क्ष असायचा. "सूत्र म्हण," म्हटलं. घडाघडा म्हणाला, चूक नाही: (−बी ± √(बी² − ४एसी)) भागिले २ए. "आता सोडव." बी = −७ लिहिलं, पण वर्ग करताना कंस नाही: −७² = −४९. त्यातून ४एसीचे २४ गेले, विवेचक (वर्गमुळाखालची संख्या) −७३. पेन थांबलं. हात खोडरबराकडे, कान लाल.

"बघा, झाला ब्लँक!" आई म्हणाली.

मला तसं वाटलं नाही. ऋण संख्येला वास्तव वर्गमूळ नसतं हे ठाऊक होतं, म्हणूनच तो अडला. घाबरला खरा, पण चुकीनंतर. कंस घालायला सांगितला. ४९ − २४ = २५, (७ ± ५) भागिले ४, उत्तरं ३ आणि १/२.

सूत्र आलं कुठून, हे त्याला कोणी दाखवलंच नव्हतं. भास्कराचार्यांनी त्यांच्या आधीचे गणिती श्रीधराचार्य यांच्या नावावर दिलेली युक्ती मला फार आवडते: समीकरणाला ए च्या (एक्स² च्या आधीच्या आकड्याच्या) चौपटीने, इथे ८ ने, गुणायचं. १६एक्स² − ५६एक्स + २४ = ०. मग २४ पलीकडे नेऊन दोन्हीकडे ४९ मिळवले की (४एक्स − ७)² = २५. "म्हणजे अधिक-वजा इथून येतं?" त्याने विचारलं. चेन उघडीच राहिली.

औषध नको, क्लासही तूर्त तोच, एवढं आईला सांगितलं. त्याला घरी एकच काम: आलेलं उत्तर मूळ समीकरणात घालून बघायचं.

तिसऱ्या खेपेला तो नवा पेपर घेऊन आला. एक उत्तर काट मारून शेजारी पुन्हा लिहिलेलं. "भागाकाराची रेघ आखूड पडली होती, नुसत्या वर्गमुळाखाली," म्हणाला. "घालून बघितलं, शून्य येईना."

खोडरबर वापरलं नव्हतं.