‘ब्लायटी’ म्हणजे विलायत, पण कुणाची?

प्रश्न असा आला आहे. पहिल्या महायुद्धातला इंग्रज सैनिक-कवी विल्फ्रेड ओवेन याच्या ‘द चान्सेस’ या युद्धविरोधी कवितेचा मराठी अनुवाद करणाऱ्या एका ताईंना एक ओळ अडली आहे. लढाईतून सहीसलामत परतलेला सैनिक म्हणतो, देवाची कृपा, मला ओरखडाही आला नाही. पुढच्या वेळी मात्र त्याने एक ‘ब्लायटी’ दिली तर उपकार होतील. कोशात ‘ब्लायटी’ म्हणजे इंग्लंड आणि हा शब्द ‘विलायत’वरून आला, असं त्यांना सापडलं. मग ‘पुढच्या वेळी विलायत दे’ असं लिहिलं तर चालेल का?

व्युत्पत्ती बरोबर आहे, पण ओळ फसेल.

आधी शब्दाकडे बघू. ‘विलायत’ मूळ अरबी. अर्थ प्रांत, अंमलाखालचा मुलूख. आपण ‘त्याला कुणी वाली नाही’ म्हणतो, त्यातला ‘वाली’ही त्याच अरबी धातूतला. हिंदुस्थानात या शब्दाचा अर्थ सरकत सरकत ‘दूरचा परका देश’ आणि मग ‘इंग्लंड’ असा झाला. उत्तरेकडे ‘व’चा ‘ब’ होतो, तसं ‘विलायती’चं ‘बिलायती’ झालं. गोऱ्या पलटणींनी ते उचललं. त्यांच्या तोंडी ‘बि’मधली ऱ्हस्व ‘इ’ गळाली, ‘त’ त्यांच्या जिभेला जमेना म्हणून ‘ट’ आला आणि ‘ब्लायटी’ तयार झाली. हा ‘ब’ पाहता शब्द त्यांनी हिंदुस्थानीतून घेतला, मराठीतून नव्हे. आपण त्यावर हक्क सांगायला जाऊ नये.

गंमत म्हणजे शब्द तोच राहिला आणि अर्थ उलटा झाला. आपल्याला विलायती म्हणजे परकं, बाहेरून आलेलं: विलायती चिंच, विलायती बाभूळ, विलायती दारू. गोऱ्या शिपायाला ब्लायटी म्हणजे स्वतःचं घर. आपण ‘तुमचा देश’ या अर्थाने वापरलेला शब्द त्याने ‘माझा देश’ म्हणून घेतला.

पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या खंदकांत हा अर्थ आणखी आवळला. ब्लायटी म्हणजे इंग्लंड, ब्लायटी म्हणजे घरी जायची रजा आणि शेवटी ब्लायटी म्हणजे जखमच. जीव जाणार नाही, पण मायदेशी धाडावंच लागेल, अशी जखम. कवितेतल्या शिपायाला हीच हवी आहे. ‘विलायत दे’ म्हटलं तर मराठी वाचकाला वाटेल की गडी परदेशवारी मागतोय.

ही कविता जवळून वाचण्यासारखी आहे. हल्ल्याच्या आदल्या रात्री पाच जण बोलत बसलेत. मुरलेला जिम म्हणतो, पाचच गोष्टी होऊ शकतात: मरण, मोठी जखम, हलकी जखम, शत्रूच्या हाती लागणं किंवा काहीच न होणं. मरणाला तो ‘मरण’ म्हणत नाही, मुष्टियुद्धातला ‘नॉक आउट’ वापरतो. आपला पैलवान ‘चीत’ म्हणेल तसं. हलक्या जखमेला त्याचा शब्द ‘कुशी’. तोही आपल्याकडूनच गेलेला, फारसी-हिंदुस्थानी ‘खुश’वरून. दुसऱ्या दिवशी एकाच्या चिंधड्या उडतात, एकाचे दोन्ही पाय जातात, एक कैद होतो, सांगणारा सुखरूप राहतो. आणि जिम? तो मेला, जखमी झाला, कैदही झाला, सगळं एकदमच. जिमला वेड लागलं. ओवेन १९१७ मध्ये मानसिक आघातामुळे एडिंबराजवळच्या क्रेगलॉकहार्ट इस्पितळात होता. असे जिम त्याने रोज पाहिले होते.

या शिपायांच्या बोलण्यात ‘वीरमरण’ नाही, ‘धारातीर्थी’ नाही. मरणाची उपेक्षा नाही आणि पूजाही नाही. आहे तो हिशेब: किती दिलं म्हणजे जीव सुटेल? एक बोट, एक पाय? त्याच युद्धातला दुसरा सैनिक-कवी सिगफ्रीड ससून याच्या ‘द वन-लेग्ड मॅन’मधला गावी परतलेला माणूस फाटकातून लंगडत आत शिरताना देवाचे आभार मानतो की बरं झालं, पाय कापावा लागला. ओवेनच्याच ‘एस. आय. डब्ल्यू.’ (सेल्फ-इन्फ्लिक्टेड वूंड, म्हणजे स्वतःच करून घेतलेली जखम) या कवितेत बापाला पोराच्या बेअब्रूपेक्षा त्याचं मरण परवडतं आणि आई बहुधा त्याला छानशी, बिनधोक्याची जखम कधी होते याची वाट पाहत झुरत असते. त्या आईच्या मनातली जखम म्हणजे ब्लायटी. शेवटी तो पोरगा स्वतःवरच गोळी झाडून घेतो.

मराठीत याच्या सर्वांत जवळ जाणारं काय आहे? ‘जिवावरचं शेपटावर निभावलं.’ पण हे आपण संकट टळल्यावर सुस्कारा टाकत म्हणतो. ब्लायटी आधीच मागितली जाते, जवळजवळ नवसासारखी. म्हणून म्हण जशीच्या तशी न घालता तिची मागणी करावी, असं मला वाटतं: ‘देवा, पुढल्या खेपेला जिवावरचं हातापायावर निभव.’ किंवा आणखी साधं, ‘पुढल्या खेपेला घरी धाडतील एवढं तरी लागू दे.’ ‘लागणं’ हे आपलं रोजचं क्रियापद इथे चपखल बसतं. मूळ कविता अडाणी शिपायाच्या बोलीत आहे, तेव्हा बोली जरूर वापरावी. फक्त तिच्यावर हसू येईल इतकी ती रंगवू नये. ससूनच्या ‘ब्लायटर्स’ या कवितेचा मात्र इथे संबंध जोडू नका. तो शब्द ‘ब्लाइट’वरून, म्हणजे पिकावरच्या रोगाच्या नावावरून आला आहे.

‘विलायत’ हा शब्द अनुवादात ठेवायचाच असेल तर तळटिपेत ठेवा, आणि तिथे आपल्या शिपायांचाही उल्लेख करा. २८ ऑक्टोबर १९१४ ला फ्रान्समधल्या न्यूव्ह शापेलच्या हल्ल्यात खडकीच्या बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंता पलटणीच्या दोन कंपन्या होत्या. फ्रान्समधल्या अनेक जखमी हिंदी शिपायांना बोटीने इंग्लंडला नेत, तिथे ब्रायटन शहरातल्या राजवाड्याचंच इस्पितळ केलेलं होतं. म्हणजे त्यांची जखम त्यांना खरोखर विलायतेला पोचवत होती. पण तिथून घर हजारो मैलांवर, आणि बरे झालेल्यांपैकी अनेकांना पुन्हा खंदकात धाडलं जाई. घरी लिहिलेल्या पत्रांत शिपायांची जी गाऱ्हाणी आहेत, त्यांत हे एक आहे.