मग गाडीचं तेवढं खरं कसं समजायचं?

बाळा,

परवा फोनवर तुझा आवाज पार पडलेला होता. अकरावीच्या वर्गावर व्यसनमुक्तीचा तास घेतलास आणि मागच्या बाकावरच्या मुलानं विचारलं, "सर, दारू पिऊन पोरं गाडी पळवतात. गांजा ओढला की माणूस हळू चालवतो. मग ते बरं नाही का?" तू म्हणालास, "गप्प बस." वर्ग हसला. आणि आता शुक्रवारच्या तासाला अपघातांचे फोटो दाखवू का, असं मला विचारतोयस.

फोटो नकोत. त्याला उत्तर दे.

त्याचं अर्धं बरोबर आहे, ते आधी सगळ्यांसमोर मान्य कर. गांजा ओढलेले चालक बऱ्याचदा वेग कमी ठेवतात, पुढच्या गाडीपासून अंतर राखतात. प्रयोगांत तसं दिसलेलं आहे. पण गाडी सरळ राहत नाही, डावीउजवीकडे डुलते, हेही तशाच प्रयोगांत दिसलं. वेळेचा अंदाज चुकतो. एका वेळी दोन गोष्टींवर लक्ष राहत नाही. रिकाम्या रस्त्यावर हळू चालवून निभावून जातं. पण आपल्याकडे कुत्रं आडवं येतं, रिक्षा हात न दाखवता वळते, स्पीडब्रेकरचा रंग उडालेला असतो. ताशी 40 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 11 मीटर. ब्रेक अर्धा सेकंद उशिरा लागला तर साडेपाच मीटर जास्त. हे अंतर वर्गात पावलांनी मोजून दाखव. आणि वर दारूही घेतली असेल तर बिघाड आणखी वाढतो, हे सांगायला विसरू नकोस.

मुलांशी खोटं बोलू नकोस. मी बोलले होते, म्हणून सांगते.

वीसेक वर्षांपूर्वी असाच तास मी घ्यायची. "एकदा दम मारलात की वेड लागतं," असं ठणकावून सांगायची, आणि ओढून गाडी चालवू नका, असंही. ते ऐकणाऱ्यांत एक मुलगा होता, त्यानं आधीच चार-पाचदा ओढला होता आणि त्याला काही वेडबिड लागलं नव्हतं. त्या पावसाळ्यात सिंहगडाच्या घाटातून डबलसीट उतरताना त्याचं वळण चुकलं. मागे बसलेला त्याचा मित्र आजही लंगडत चालतो. मी दवाखान्यात गेले तेव्हा गाडी चालवणारा तो मुलगा म्हणाला, "बाई, तुम्ही सांगितलेलं बाकी एकही खरं निघालं नाही. मग गाडीचं तेवढं खरं कसं समजायचं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं काय ते तेव्हाही सांगता आलं असतं: कोवळ्या वयात रोज ओढणाऱ्यांत मानसिक आजाराचा धोका वाढतो, घराण्यात तो आजार असेल तर जास्तच, एका झुरक्यानं सगळ्यांना वेड लागत नाही. एवढं सरळ बोलले असते तर गाडीचं वाक्य त्याला पटलं असतं, असं मला अजून वाटतं.

त्यानंतर मी तास बदलला. पालकसभेत एक गृहस्थ उठून म्हणाले, बाई पोरांना गांजा शिकवतात. मी तास बंद केला नाही. बरोबरच केलं मी! मुलं धुळवडीला भांगेची ठंडाई पितात, हे त्या सभेत कुणाला ठाऊक नव्हतं? ओढलेलं काही मिनिटांत चढतं. पोटात गेलेलं चढायला अर्धा तास ते दोन तास लागतात. "काहीच होत नाही" म्हणून पोरं दुसरा पेला घेतात, गाडीला किक मारतात, आणि रस्त्यात चढते. पुढे कितीतरी तास उतरत नाही. हे सांगायला मी कुणाची परवानगी मागायची?

तूही घाबरू नकोस. पोलिसांचं फुंकायचं यंत्र दारू ओळखतं, गांजा नाही, हे पोरांना तुझ्याआधी माहीत आहे. ते लपवलंस की संपलं. मग कायदाही तसाच पुरता सांग. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 मध्ये दारूसाठी 100 मिलिलिटर रक्तामागे 30 मिलिग्रॅमची रेषा आहे. बाकी नशेला आकडा नाही. गाडीवर ताबा राहू नये इतका अंमल असला की गुन्हा. कॅनडात 2018 पासून गांजा कायदेशीर आहे, तिथंही नशेत गाडी चालवणं गुन्हाच आहे. तुझ्या वर्गातली बहुतेक मुलं 18 च्या आतली. त्यांनी गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो. ते ऐकून मुलं गंभीर होतात, मी पाहिलंय.

त्या मुलाला गडावरून घरी फोन करता आला असता. वडील मारतील म्हणून केला नाही, हे त्यानं मला फार नंतर सांगितलं. शुक्रवारी शेवटची पाच मिनिटं राखून ठेव. प्रत्येकानं वहीच्या मागच्या पानावर एक नंबर लिहायचा: रात्री कितीही वाजता, काही न विचारता न्यायला येईल अशा माणसाचा. ज्याला असं कुणी आठवत नसेल, त्याला माझा दे.

— बाई