लिस्बनला नाव नोंदवण्याआधी

प्रिय बाय,

तुझं पत्र मिळालं. आजोबांचा जन्म गोवामुक्तीआधीचा, पोर्तुगीज राजवटीतला, म्हणून घरचे सगळे तुला लिस्बनला जन्म नोंदवून पोर्तुगीज पासपोर्ट करून घे म्हणून मागे लागलेत. मी तुला जाऊ नको म्हणणार नाही. पण ज्या कागदासाठी तू धडपडतेयस तो काय देतो आणि काय काढून घेतो, हे एजंट सांगणार नाही, म्हणून मी सांगतो.

पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन सरळ इंग्लंडला जायचं नि कामाला लागायचं, ते दिवस ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यानं ३१ डिसेंबर २०२० ला संपले. स्विंडन, साउथॉलला आपली जी माणसं त्या पासपोर्टावर स्थिरावलीत, ती बहुतेक त्याआधी पोचलेली. आज तिथं नोकरी करायची तर पोर्तुगिजालाही व्हिसा लागतो. हा पासपोर्ट युरोपीय संघात चालतो. इंग्रजीवर निभवायचं असेल तर आयर्लंडचा विचार कर.

तुझा मावसभाऊ इंग्लंडला ‘प्री-सेटल्ड’ म्हणून राहतो. ती परवानगी मुदतीची असते, कायमची नव्हे. कायमचं राहायला पाच वर्षांच्या वास्तव्याच्या आधारे ‘सेटल्ड’ व्हावं लागतं. तो ‘सेटल्ड’ झालाय का, एवढं तरी त्याला विचार. कित्येक जण मधे वर्ष-वर्ष गावाकडं येऊन राहतात आणि तिथंच गोची होते.

अमेरिकेतल्या टीपीएसबद्दल, म्हणजे तात्पुरत्या संरक्षणाबद्दल, तू विचारलंयस. १९९० च्या कायद्यानं आलेली ती सोय. एखाद्या देशात युद्ध पेटलं, भूकंप झाला, तर त्या देशाचे जे लोक आधीच अमेरिकेत आहेत त्यांना सहा, बारा किंवा अठरा महिने राहू देतात, काम करू देतात. पुढं सरकारला वाटलं तर मुदत वाढते. २०१५ च्या भूकंपानंतर नेपाळ्यांना ती मिळाली. एल साल्वादोरचे लोक तर २००१ पासून वर्षानुवर्षं मुदतवाढीवर जगत आले, त्यांची पोरं तिथं जन्मून मोठी झाली, तरी नुसत्या टीपीएसच्या जोरावर ग्रीन कार्ड मिळत नाही. भारत त्या यादीत नाही, तेव्हा तो रस्ता तुझा नव्हेच. पण राहू देणं आणि आपलं मानणं यांत किती अंतर असतं, ते त्या लोकांकडे बघून कळतं.

आणि तू जे सोडणार आहेस ते भारतीय नागरिकत्व मात्र पक्कं आहे. तुझे आजोबा भारतीय झाले ते अर्ज करून नव्हे. १९६२ च्या नागरिकत्व आदेशानं गोव्यात जन्मलेल्यांना आपसूक भारतीय मानलं. ज्यांना आधीचं नागरिकत्व ठेवायचं होतं, त्यांना तसं लेखी कळवायला महिनाभर दिला होता. आज दोन्ही नागरिकत्वं ठेवता येत नाहीत. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं कलम ९ स्पष्ट आहे, आणि परदेशी पासपोर्ट घेणं हाच नियमानं निर्णायक पुरावा धरतात. मग भारतीय पासपोर्ट जमा करावा लागतो. तो कपाटात ठेवून वापरत राहणं गुन्हा आहे. ‘सगळेच ठेवतात’ हे कुणी सांगितलं तरी ऐकू नकोस.

पुढं ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाचं कार्ड, मिळू शकतं. त्यावर ये-जा करता येते, हवं तितकं राहता येतं. मतदान मात्र नाही, सरकारी नोकरी जवळपास बंद, शेतजमीन विकत घेता येत नाही. बापाचं कुळागर, ती पोफळीची बागायत, वारशानं तुझ्याकडं येईल, पण शेजारचं विकायला निघालं तर तू घेऊ शकणार नाहीस. पंचायतीच्या निवडणुकीत घरच्यांना मत असेल, तुला नसेल. तुला गावच्या कामाची किती ओढ आहे ते मी पाहिलंय, म्हणून हे मुद्दाम लिहितोय.

एवढं सगळं तोलून जायचंच ठरलं, तर कागद आधी नीट कर. आजोबांच्या जन्मनोंदीची तेओर, म्हणजे मूळ नोंदीची अधिकृत नक्कल, काढ आणि आडनाव अक्षर अक्षर लावून बघ. पोर्तुगीज कारकुनानं लिहिलेलं ‘पोरोब’, बाबांच्या शाळेच्या दाखल्यावर ‘प्रभू’, असं असेल तर आधी मामलेदाराकडून डायव्हर्जन्स, म्हणजे नावातल्या फरकाचा, दाखला घ्यावा लागेल. लिस्बनला बाबांची नोंद झाल्यावरच सहसा तुझी पुढं सरकते, म्हणून त्यांना हे मनापासून हवंय का, ते त्यांना एकटं गाठून विचार. आईसमोर ते खरं बोलणार नाहीत.

एजंटाला एकही मूळ कागद देऊ नकोस. तेओर हाती आली की घेऊन ये, आपण दोघं बसून वाचू.

तुझा,
काका