‘पदर लागत न्हाई’ म्हणजे नक्की काय लागत नाही?

अमरावतीहून बदली होऊन कोल्हापुरात आलेल्या आणि राजारामपुरीत भाड्यानं राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आलाय. घरमालकीण काकू शेजारणीला सांगत होत्या, “स्थळ झ्याक हुतं, पोरगं इंजिनेर, घरात कोन मागं ना पुढं. पर पदर लागंना, मग सोडलं.” ताई विचारतात, साडीच्या पदराचा इथं काय संबंध? आणि तो ‘लागत नाही’ म्हणजे काय होतं?

आधी सरळ अर्थ सांगते. दोन घराण्यांत मागच्या कुठल्या तरी पिढीत मुली दिल्या-घेतल्या गेल्या असतील, किंवा एकाचे पाहुणे दुसऱ्याच्या पाहुण्यांचे पाहुणे निघत असतील, तर त्यांचा ‘पदर लागतो’. असा धागा सापडला नाही तर ‘पदर लागत नाही’. जात एक असून भागत नाही, आडनाव ओळखीचं असून भागत नाही. कोल्हापूर भागातल्या मराठा घरांत हा शब्द सगळ्यात जास्त ऐकू येतो. इतर समाजांत शब्द बदलतो, चौकशी राहतेच. इथल्या जैनांत चतुर्थ की पंचम, म्हणजे पोटजात कुठली, हे विचारलं जायचं, अजूनही विचारतात.

आता पदर. साडीचा पदर सगळ्यांना ठाऊक आहे, पण या वाक्प्रचारातला पदर तो नसावा असं मला वाटतं. मराठीत पदर म्हणजे थर आणि पदर म्हणजे सरही. गुजरीत सोनाराकडं मोहनमाळ मागितली की तो पहिल्यांदा विचारतो, “किती पदरी?” दोरखंड तीन पदरी असतो. घडीची चपाती तव्यावर फुगली की आई म्हणायची, “बघ, पदर सुटलं.” नात्यातला पदर म्हणजे हा असा सर. एक सर दुसऱ्यात गुंफलेला असला की माळ होते, नसला की नुसते मणी.

‘लागणे’ हे क्रियापद तर नात्यासाठी आपण रोज वापरतो. “तो तुझा कोण लागतो?” “ती माझी मावशी लागते.” इथं लागणं म्हणजे भिडणं, पोचणं. तेव्हा पदर लागणं म्हणजे त्यांच्या घराण्याचा सर आपल्या घराण्याच्या सरापर्यंत येऊन भिडणं.

इथवर शब्दकोशाचं काम झालं. पण या वाक्याच्या व्याकरणात एक गोष्ट दडलेली आहे, ती मला महत्त्वाची वाटते. पदर ‘लागतो’, कुणी तो ‘लावत’ नाही. पाऊस लागतो, ऊन लागतं, भूक लागते, तसा. या वाक्यात कर्ता म्हणून माणूस उभाच राहत नाही. “आम्ही नको म्हणालो” असं कुणी म्हणत नाही, “पदर लागंना” म्हणतात, म्हणजे नकार देणारं कुणीच उरत नाही. मुलीनं रडून विचारलं, कुणी नको म्हटलं, तर बोट दाखवायला माणूस सापडत नाही.

मात्र ‘लावणे’ हे रूपही कोल्हापुरात ऐकू येतं आणि ते कुठं येतं हे बघण्यासारखं आहे. “वीस एकर ऊस हाय त्यांचा, मग लावला की पदर.” “पोरगं कारखान्यात संचालक झालं, आता लावत्यात बघा सगळी पदर.” म्हणजे ज्याच्या घरी पाण्याखालची जमीन आहे, साखर कारखान्याची बिलं येतात, त्याच्यासाठी माणसं पाच गावं फिरून, म्हाताऱ्यांना बोलतं करून धागा शोधून काढतात. ज्याच्याकडं दोन एकर माळ आहे त्याच्यासाठी एवढी तंगडतोड कोण करणार? त्याचा पदर ‘लागत नाही’. श्रीमंतासाठी सकर्मक, गरिबासाठी अकर्मक. हे मी चमत्कृती म्हणून सांगत नाही. तीस वर्षं मराठी शिकवली, प्रयोजक क्रियापदाला याहून बोलकं उदाहरण मला मिळालेलं नाही.

एक गंमतीची नव्हे, विचार करण्याची गोष्ट आणखी आहे. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात सपिंड नात्यात लग्न चालत नाही : आईकडून तीन पिढ्या, वडलांकडून पाच. प्रथा असेल तर सूट आहे, म्हणून आपल्याकडं मामाची पोरगी करता येते. देवक एक आलं तरी लग्न होत नाही. ही सगळी बंधनं फार जवळ जाऊ नका म्हणतात. पदर उलटं सांगतो, फार लांब जाऊ नका. भावकीत नको, परक्यातही नको. या दोन कुंपणांच्या मधे जी चिंचोळी पट्टी उरते, तिच्यात मुलीनं आणि मुलानं आपलं आयुष्य शोधायचं.

माझ्या थोरल्या बहिणीची चौकशी झाली तो दिवस मी पाहिलाय. मी तेव्हा नववीत होते. सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या ओसरीत, सतरंजी अंथरलेली, मुलाकडचे दोन कारभारी, आमचे चुलते आणि मधे मध्यस्थ. मध्यस्थानं एका जुन्या लग्नपत्रिकेची पाठकोरी बाजू मांडीवर घेतली आणि पेननं रेघा ओढायला सुरुवात केली. मुलीचं आजोळ? राधानगरी तालुका. ठीक. मुलीच्या आजीचं माहेर? भुदरगडात, गारगोटीजवळ. ठीक, तिकडं आमची एक आत्या दिलीय. आजीच्या आईचं माहेर?

इथं सोपा गप्प झाला. पणजीचं माहेर कुणालाच ठाऊक नव्हतं. ती लहानपणी दुष्काळात कुणाबरोबर तरी इकडं आली आणि इथंच तिचं लग्न झालं, एवढंच घरात माहीत. मध्यस्थानं त्या रेघेच्या टोकाला एक प्रश्नचिन्ह काढलं आणि पेनला टोपण लावलं. चहा झाला, पोहे झाले, माणसं गेली. आठ दिवसांनी निरोप आला : पदर लागंना.

मला जी गोष्ट तेव्हा कळली नव्हती ती आता रोज दिसते. त्या कागदावरच्या सगळ्या रेघा बायकांच्या माहेरांनी बनलेल्या होत्या. पदर शोधायचा तर आई, आजी, पणजी यांची गावं विचारावी लागतात, कारण मुली एका घरातून दुसऱ्या घरात गेल्यामुळंच हे धागे तयार होतात. आणि त्या सोप्यात एकही बाई बसलेली नव्हती. आजी आतल्या खोलीत होती, तिला पणजीबद्दल थोडंफार आठवत असणार. तिला कुणी विचारलंच नाही. बहीण चुलीजवळ होती. ती बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती, हे त्या बैठकीत एकदाही निघालं नाही. पुढं कधीतरी मी तिला विचारलं तर म्हणाली, “मी काय बोलनार हुतो? माझं न्हवतंच ते, पणजीचं हुतं.” (ताई, आमच्याकडं बायकाही ‘मी आलो, मी गेलो’ म्हणतात, तुम्ही ऐकलं असेलच.)

हा शब्द इतका खोल का रुतलाय, हे समजायला त्याच्या शेजारचे शब्द बघावे लागतात. ते कठोर आहेत, पण लपवून उपयोग नाही. सोन्याचं जुनं माप : एक तोळा म्हणजे बारा मासे. त्यावरून निर्भेळ मानलेला तो ‘बारामाशी’ आणि ज्याच्यात एक मासा कमी तो ‘अक्करमाशी’. ‘लेकावळा’ हा आणखी एक. वाड्यावर, वतनदाराच्या घरी ठेवलेल्या बाईच्या पोटी जन्मलेल्या मुलांसाठी असे शब्द वापरले गेले. वतनदाराला या व्यवहारात कुठलंच वेगळं नाव पडलं नाही, त्याचे मासे बाराच राहिले. कमी भरलं ते बाईचं आणि लेकराचं. पदराची चौकशी वर पणजीपर्यंत जाते ती या भीतीनं, कुठं एखादा मासा कमी तर नाही ना. म्हणून माहेर न सापडलेली बाई म्हणजे संशय. माझी पणजी दुष्काळातून जगून वाचली, याचं कौतुक व्हायला हवं होतं.

याच गावात या विचाराला मोठा धक्का देणारा माणूस होऊन गेला, हे सांगितल्याशिवाय उत्तर पुरं होणार नाही. वेदोक्त प्रकरणात, म्हणजे राजघराण्यातले विधी वेदमंत्रांनी करायला पुरोहितानं नकार दिला तेव्हा, खुद्द शाहू महाराजांच्या क्षत्रियत्वावर बोट ठेवलं गेलं. छत्रपतींच्या गादीवर बसलेल्या माणसाला ‘तुमचे मंत्र वेगळे’ असं ऐकावं लागलं. त्यांनी 1919 मध्ये संस्थानात आंतरजातीय विवाहाला मान्यता देणारा कायदा केला. त्यावरही न थांबता कागलच्या घाटगे घराण्यातल्या आपल्या नात्यातल्या मुलीची सोयरीक इंदूरच्या होळकरांकडं जुळवली, मराठा आणि धनगर अशी. त्यांची सून इंदुमती 1918 मध्ये अगदी लहान वयात विधवा झाली, तेव्हा घरच्यांचा विरोध असताना त्यांनी तिला शिकवलं.

गंगाराम कांबळे यांची हकिकत कोल्हापुरात बहुतेकांना माहीत आहे. हौदातल्या पाण्याला हात लावला म्हणून महाराजांच्या पागेतल्या या नोकराला मारहाण झाली. महाराजांनी त्यांना स्वतःचा धंदा काढायला पैसे दिले, ‘सत्यसुधारक’ हॉटेल उभं राहिलं, आणि महाराज तिथं गाडी थांबवून चहा घेऊ लागले. गंगाराम महाराजांच्या ‘पदरी’ होते. हाही पदरच, ताई. पण हा लागतो की नाही ते तपासत नाहीत, हा कुणी तरी पुढं करतो. ‘पदरी असणे’, ‘पदरात घेणे’, ‘पदरमोड करणे’, ‘पदरचं खाऊन’ या सगळ्यांत माणूस आपलं काही दुसऱ्याला देतो. लग्नात पाठवणीच्या वेळी मुलीचा बाप सासरच्यांना म्हणतो, “पोर तुमच्या पदरात घातली, सांभाळून घ्या.” तेव्हा मांडवातला प्रत्येक माणूस रडतो. तीच माणसं सहा महिन्यांपूर्वी मांडीवर कागद घेऊन बसलेली असतात. हे दोन्ही पदर एकाच भाषेत, एकाच घरात आहेत. यातला कुठला आधी जीभेवर येतो, त्यावर त्या घरातल्या मुलीचं पुढचं सगळं ठरतं.

बहिणीचं लग्न पुढं तीन वर्षांनी झालं. करवीर तालुक्यातच, पदर लागलेल्या घरी. संसार चांगला झाला. तिनं पुढं पणजीचं माहेर शोधलं. आजी जाण्याआधी तिच्याजवळ बसून, गावांची नावं एकेक घेत, सांगली-जतच्या बाजूपर्यंत पोचली. एका नावाला आजीनं मान हलवली. ते नाव तिनं स्वतःच्या रेशनकार्डाच्या पिशवीत चिठ्ठीवर लिहून ठेवलंय. कुणाच्या लग्नासाठी नव्हे. पणजीला गाव होतं, एवढंच तिला माहीत करून घ्यायचं होतं.

तेव्हा ताई, काकूंच्या वापरात चुकीचं काही नाही, त्या शुद्ध कोल्हापुरी बोलल्या. तुमच्याकडं वऱ्हाडात यासाठी काय म्हणतात ते मात्र मला नक्की कळवा. आणि एकदा दुपारी चहाला बसलात की काकूंना त्यांच्या आईच्या आईचं माहेर विचारा.