पाखरं काय करतात ते आधी बघा

मागच्या अंकात मी माझ्या माहेरच्या, म्हणजे कारवारजवळच्या माजाळीच्या, गळाच्या मासेमारीबद्दल लिहिलं होतं. त्यात एक वाक्य होतं : समुद्रावर मासा शोधायचा तर आधी आभाळाकडे बघा. तेवढ्या वाक्यावर निपाणीपासून कोडीबागपर्यंतची पत्रं आली. म्हणून या वेळी सगळी जागा त्यांनाच देते.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. दिवाळीच्या सुटीत आम्ही मित्र माजाळीला होडी भाड्यानं घेऊन गेलो. लांबवर पांढऱ्या पाखरांचा मोठा थवा पाण्यात बुड्या मारालता. होडीवाल्याला सरळ तिकडं घ्यायला लावलं. आम्ही पोचेपर्यंत पाखरं पांगली, पाणी सपाट. पुन्हा लांब थवा दिसला, पुन्हा तेच. पाखरं दिसतात खरं मासा गावत नाही. आमचं काय चुकतंय?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : तुम्ही पोचलात तेव्हा मासा बहुधा तिथंच होता, फक्त खाली गेला होता. चालू इंजिन घेऊन थेट झुंडीवर गेलं की असंच होतं.

हे सगळं घडतं कसं ते समजून घ्या. तारली, पेडवे, मांदेली असा बारीक मासा झुंडीनं फिरतो. इसवण (बेळगावच्या बाजारात जिला आपण सुरमई म्हणून घेतो), गेदर (ट्यूना), कोकर (ट्रेव्हली) हे शिकारी मासे त्याला खालून आणि बाजूंनी घेरतात आणि वर रेटतात. पाण्याच्या वर जायला वाट नाही, त्यामुळे बारीक मासा पृष्ठभागाशी दाटतो आणि घाबरून उड्या मारायला लागतो. सुरय (इंग्रजीत टर्न) पक्ष्याची बुडी उथळ असते, जेमतेम हातभर. तेव्हा सुरय बुडी मारून मासा उचलत असेल, तर बारीक मासा अगदी वर आलेला आहे हे नक्की, आणि पुष्कळदा त्याला वर आणणारा कुणीतरी खाली आहे. पाखरू तुम्हाला दाखवतं ती बारीक माशाची जागा. तुम्हाला हवा तो मासा तिच्या खाली नाहीतर कडेला असतो.

म्हणून थवा दिसल्याबरोबर धावू नका. लांबूनच इंजिन मंद करा आणि पाखरं काय करतात ते बघा. दुर्बीण असेल तर उत्तमच. सुरयाची चोच समोर असेल आणि पंख एका लयीत चालले असतील, तर तो नुसता निघालाय. एकामागून एक बरेच सुरय त्याच दिशेनं जाताना दिसले तर ती दिशा धरा, कारण खाणं पुढं कुठंतरी सुरू झालंय. चोच खाली वळलेली, पाखरू उंचावर घिरट्या घालतंय पण बुडी मारत नाही, तर मासा आहे पण खोल आहे. थवा खाली उतरला, दाट झाला आणि बुड्या एकामागून एक पडायला लागल्या, की मासा वर आला. आणि पाखरं पाण्यावर नुसती बसून राहिली असतील तर बहुतेकजण तोंड फिरवून निघून जातात, ते करू नका. खाणं थोडा वेळ थांबलंय, झुंड खाली सरकलीय. त्या बसलेल्या पाखरांच्या आसपास जिग (गरी लावलेला धातूचा जड नकली मासा) खोल सोडून बघा, नाहीतर गप्प थांबा. ती पुन्हा उठतील तेव्हा तुम्ही सगळ्यांत जवळ असाल.

एकदा एखादा सुरय नीट जवळून बघा. नारिंगी चोच, डोक्यावर मागं विस्कटलेला काळा तुरा. वाऱ्याला तोंड करून तो जागच्या जागी पंख मारत थांबतो, मान सरळ खाली, चोचीचं टोक पाण्यावर रोखलेलं. मग पंख मागं ओढून घेतो आणि पडतो. पाणी फारसं उडतसुद्धा नाही. वर येतो तेव्हा चोचीत आडवा धरलेला चांदीसारखा मासा असतो, आणि पंख झटकता झटकताच तो त्याला डोक्याकडून गिळतो. तो मासा केवढा होता एवढंच नजरेत धरा. बोटाएवढा होता की वीतभर होता, यावर तुमचं पुढचं सगळं ठरतं. ते खाली सांगतेच.

आता होडी कशी न्यायची. माझे बाबा थव्याकडे कधीच सरळ होडी घालत नसत. लांबून वळसा घेऊन वाऱ्याच्या वरच्या अंगाला जायचं, इंजिन बंद करायचं आणि होडीला वाऱ्यानं आपोआप थव्याकडे सरकू द्यायचं. आपल्या किनाऱ्यावर हिवाळ्यात सकाळी मतलई वारा असतो, जमिनीकडून समुद्राकडे. म्हणजे सकाळी थव्याच्या किनाऱ्याकडच्या अंगाला थांबायचं. दिवस वर आला की वारा फिरतो, खारा वारा सुरू होतो, मग बाजू बदलायची. यात दोन फायदे आहेत. होडी आवाज न करता पोचते, आणि वाऱ्याच्या दिशेनं फेकलेला गळ लांब जातो. झुंडीच्या मधोमध फेकू नका, कडेला फेका. शिकारी मासा कडेनंच फिरतो, आणि एकट्या पडलेल्या जखमी माशावर आधी झडप घालतो. तुमचा लूअर, म्हणजे गरी लावलेला नकली मासा, त्याला तसाच दिसायला हवा.

आजूबाजूला दुसरी होडी आधीपासून सरकत असेल तर तिच्या आणि थव्याच्या मध्ये घुसू नका. रापणीच्या दिवसांत किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या अख्ख्या गावाचा त्या मासळीत वाटा असायचा, कुणा एकानं झुंड उधळली तर सगळ्यांची चूल अडायची. आज तुम्ही हौसेला गेलात, पण शेजारच्या होडीतला माणूस पोटासाठी आलेला असतो.

प्रश्न : ताई, हिडकल जलाशयावर गळ टाकायची सवय आहे. रॉड-रील आहे. तेच घेऊन समुद्रावर पाखरांच्या मागं गेलं तर चालेल का? लूअर कोणता घ्यावा?
– एक वाचक, हुक्केरी

उत्तर : रॉड थोडा ताठ आणि सात-आठ फुटी असेल तर चालेल. रील मात्र खाऱ्या पाण्याचं घ्या, आणि घरी आल्यावर गोड्या पाण्यानं हलक्या हातानं धुवा, नाहीतर मिठानं जाम होईल. वेणीची दोरी साधारण वीस ते तीस पौंडांचा ताण सोसणारी, पुढे जाड नायलॉनचा लीडर, म्हणजे दोरी आणि लूअरच्या मधला तुकडा. इसवणीचे दात कात्रीसारखे चालतात, म्हणून ती असेल अशी शंका आली तर पुढे वीतभर बारीक तारेचा तुकडा लावा. गेदर डोळ्याचा तिखट, तार दिसली तर फिरकत नाही. दोन्ही एका वेळी साधत नाहीत, तिथं आपल्यालाच ठरवावं लागतं.

लूअर पाखराच्या चोचीतल्या माशाएवढा. बोटाएवढी मांदेली असेल तर वीस-तीस ग्रॅमचा सडपातळ धातूचा जिग. वीतभर तारली असेल तर चमच्याच्या आकाराचा मोठा धातूचा लूअर किंवा पॉपर, म्हणजे पाण्यावर तरंगत खळबळ करणारा लूअर. पहिली फेक वरून जोरात ओढून घ्या. काहीच लागलं नाही तर दुसऱ्या फेकीला जिग बुडू द्या, मनात दहा-पंधरा आकडे मोजा आणि मग ओढा. वर लहान कोकर धुमाकूळ घालत असतात तेव्हा त्यांच्याखाली मोठा मासा स्वस्थ फिरत असतो, तो असाच मिळतो. बांगड्याची गोष्ट वेगळी. मोठा बांगडा मुख्यतः पाण्यातले बारीक जीव गाळून खातो, त्याला मोठा लूअर नको. पिसं बांधलेल्या बारीक गऱ्यांची माळ त्याच्यासाठी चांगली.

हिडकलवर दिसतो तो बहुतेक नदी सुरय, पिवळ्या चोचीचा. त्याच्यावर नजर बसवण्याचा सराव तिथंच करून घ्या, फुकट शाळा आहे.

प्रश्न : कारवारला बैतकोल बंदराच्या बाहेर घारींचा मोठा घोळका सारखा फिरत असतो. तिथं अख्खी सकाळ गळ टाकला, काही नाही.
– एक वाचक, खानापूर

उत्तर : घारी बघून गळ टाकू नका. ब्राह्मणी घार आणि साधी घार बंदरावर फिरतात त्या ट्रॉलरवरून फेकलेल्या टाकाऊ मासळीसाठी. परतणाऱ्या ट्रॉलरमागं कुरवही (सीगल) तसेच उडतात. त्यांच्या खाली झुंड असेलच असं नाही.

त्यापेक्षा काळी नदीच्या मुखाकडे जा. ओहोटीला नदीचं गढूळ पाणी बाहेर पडतं आणि समुद्राच्या हिरव्या पाण्याला भिडतं, तिथं फेसाची रेघ तयार होते. बारीक मासा त्या रेघेला धरून राहतो आणि सुरय तिच्यावरून वरखाली फेऱ्या मारतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ही ओढ जोरात असते, अष्टमीच्या भांगेला मंद. मात्र जोराच्या ओहोटीत मुखावरच्या वाळूच्या पट्टीवर लाटा आडव्या फुटतात, तिथं नवख्यानं होडी घालू नये. स्थानिक होडीवाला 'आज नको' म्हणाला तर परत फिरा. दक्षिणेला अरग्याच्या बाजूला नौदलाचा तळ आहे, तिकडच्या प्रतिबंधित पाण्यात थवा कितीही मोठा दिसला तरी जायचं नाही. आणि लाइफ जॅकेट अंगात हवं, होडीच्या तळाशी नको.

प्रश्न : मे महिन्यात मुलांना घेऊन गेलो तर एकही कुरव दिसला नाही. पाखरं कमी झालीत का?
– एक शिक्षिका, संकेश्वर

उत्तर : बाई, कुरव आपल्याकडे हिवाळी पाहुणे. पावसाळा ओसरल्यावर येतात आणि उन्हाळा तापायला लागला की उत्तरेला परततात. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत या, मुलांना भरपूर दिसतील. काही सुरय मात्र आपल्याच किनाऱ्याजवळ घरटी करतात, वेंगुर्ल्यासमोरच्या खडकाळ बेटांवर त्यांची वसाहत आहे. तिथं विणीच्या दिवसांत उतरू नये, मुलांना लांबून दाखवा. पुढे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंदी असते, त्या काळात होडी शोधूच नका.

प्रश्न : आमच्या होडीत एका मित्राच्या लूअरला कुरव अडकला. पंखात गरी घुसली होती. घाबरून त्यानं दोरी कापून टाकली, पाखरू दोरीसकट उडालं. मला रात्रभर झोप नाही. काय करायला हवं होतं?
– एक वाचक, कोडीबाग, कारवार

उत्तर : झोप लागली नाही हे बरोबरच आहे. दोरी घेऊन उडालेलं पाखरू कुठंतरी झाडात किंवा खडकात गुंततं आणि उपाशी मरतं. दोरी कापायची नाही. हळूहळू, झटके न देता पाखराला जवळ ओढा. ओलं फडकं किंवा टॉवेल त्याच्या डोक्यावर टाका, डोळे झाकले की ते पुष्कळ शांत होतं. पंख अंगाशी मिटवून कुशीत धरा. चोच हलक्या हातानं धरायची, नाकपुड्या झाकायच्या नाहीत. तुमचा चेहरा चोचीपासून लांब ठेवा. गरी उलटी ओढू नका, काटा मांस फाडतो. तिचं टोक पुढं ढकलून बाहेर काढा, पक्कडीनं काटा कापा आणि मग दांडी मागं घ्या. अंगावर दोरीचा तुकडा राहिला नाही ना ते पंखाखाली आणि पायांत बघा. मग पाण्यावर ठेवून सोडा. गरी गिळली असेल किंवा पंख मोडला असेल तर उपचार स्वतः करू नका, फडक्यात गुंडाळून हवेशीर खोक्यात ठेवा आणि वन खात्याला कळवा.

पुढच्या वेळी पक्कड, टॉवेल आणि काटा चेपलेल्या गऱ्या होडीत असू द्या. पाखरं अगदी खाली उतरून बुड्या मारत असतील तेव्हा लूअर हवेतून त्यांच्यामधून जाईल अशी फेक करायची नाही. थव्याच्या अलीकडे टाका आणि बुडू द्या.