विजय हजारे ट्रॉफी असताना देवधर ट्रॉफीची गरज काय?

तुमचा प्रश्न असा की विजय हजारे ट्रॉफी 50 ओव्हरचीच आहे, सगळी राज्यं त्यात खेळतात, मग झोनवाली, म्हणजे चार पाच राज्यांची मिळून एक टीम करून खेळायची, देवधर ट्रॉफी बंद पडली तर बिघडलं कुठे, आणि वेस्ट झोन नावाच्या टीमला सपोर्ट तरी कोण करतं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: मी करतो. दादरला राहतो, मुंबईची मॅच असली की जीव टांगणीला लागतो, पण वेस्ट झोन मैदानात उतरला की मुंबई, महाराष्ट्र, बडोदा, गुजरात, सौराष्ट्र अशा पाच टीममधली निवडून घेतलेली पोरं एकत्र खेळताना दिसतात आणि ती टीम बघायला मला खरंच आवडतं. विदर्भ तेवढा सेंट्रल झोनमध्ये जातो, त्यामुळे नागपूरची पोरं आपल्या विरुद्ध बाजूला असतात, याचं मला दरवेळी थोडं वाईट वाटतं.

आता मुख्य मुद्दा. विजय हजारेत सध्या 38 टीम आहेत आणि त्यांच्यात जमीन अस्मानाचा फरक आहे. 2022 मध्ये तामिळनाडूने अरुणाचलविरुद्ध 50 ओव्हरमध्ये 506 केले, जगदीशन एकटा 277. डिसेंबर 2025 मध्ये बिहारने परत अरुणाचललाच 574 ठोकले. यात अरुणाचलच्या पोरांना कमी लेखायचं नाहीये, त्यांना खेळायला मिळालंच पाहिजे, खेळल्याशिवाय ती सुधारणार कशी. पण सिलेक्टरच्या जागी बसून बघा ना, एकाच्या खात्यात 600 रन आहेत आणि दुसऱ्याच्या 420, यातला चांगला कोण हे नुसत्या आकड्यावरून कळतच नाही. कोणाविरुद्ध केले, कुठल्या पिचवर, समोर बॉलर कोण होता, हे सगळं काढत बसावं लागतं. पृथ्वी शॉने 2020-21 च्या सीझनला 827 रन केले आणि मुंबईने ट्रॉफी जिंकली, तेव्हाही पुद्दुचेरीविरुद्धचे नाबाद 227 सगळीकडे फिरले, पण मला विचाराल तर खरी इनिंग ती नव्हती. क्वार्टर फायनलला सौराष्ट्राविरुद्ध नाबाद 185 आणि सेमीला कर्नाटकाविरुद्ध 165, या दोन इनिंग बघून मी म्हणालो होतो की पोरगं वेगळ्याच लेव्हलला खेळतंय.

देवधर ट्रॉफीत हा शोध घ्यायची गरजच पडत नाही, कारण समोरच्या टीममध्ये चार पाच राज्यांचे सगळ्यात चांगले बॉलर असतात आणि ढिला अटॅक फारसा कुणाच्या वाट्याला येत नाही. बॉलरचंही तेच, समोरची टॉप ऑर्डर अख्खी आपापल्या राज्याची स्टार असते, तिथे विकेट काढली तर त्या विकेटला किंमत आहे. शेवटची स्पर्धा 2023 ला पुद्दुचेरीत झाली, त्यातला रियान पराग आठवा. आसामचा पोरगा, त्यामुळे ईस्ट झोनकडून. तोपर्यंत लोक त्याला आयपीएलवरून नावं ठेवत होते. त्याने नॉर्थला 131 मारले, आपल्या वेस्ट झोनला नाबाद 102 मारले (ते बघताना मला काय झालं असेल विचारू नका), स्पर्धेत 354 रन आणि वर 11 विकेट. फायनलला साउथ झोनविरुद्ध ईस्ट हरला तरी त्यात पण त्याचे 95 होते. पुढच्या वर्षी तो इंडियाकडून खेळला. नुसत्या या स्पर्धेमुळे निवडला गेला असं मी म्हणत नाही, पण आसामकडून खेळताना त्याला ओळीने नॉर्थ, वेस्ट, साउथचे बॉलर एवढे कधी मिळाले असते?

मी स्वतः देवधर ट्रॉफी मैदानात बसून बघितली ती वानखेडेवर, डिसेंबर 2014 ची फायनल, ईस्ट विरुद्ध वेस्ट. फोर्टमध्ये ऑफिस होतं, साहेबांना सांगून दुपारी निघालो, चर्चगेटपर्यंत चालत. स्टँडमध्ये इतकी कमी माणसं की विकेटकीपर काय बोलतोय ते शब्द न शब्द ऐकू येत होतं, बॅटवर बॉल नीट बसला की कसा वाजतो आणि कडेला लागला की कसा वाजतो हा फरक कानाला कळत होता, तो टीव्हीवर कळत नाही आणि आयपीएलच्या गोंगाटात तर नाहीच नाही. माझ्या पुढच्या रांगेत एक आजोबा मांडीवर वही घेऊन बसले होते, प्रत्येक बॉल पेन्सिलने लिहीत होते, डॉट बॉलचा ठिपकासुद्धा नीट, आणि ओव्हर संपली की बाजूच्या शाळकरी पोराला वही दाखवून सांगायचे की बघ, इथून बॉलरने लाइन बदलली. मनोज तिवारी ईस्टचा कॅप्टन होता, त्याने सेमीत नॉर्थला दीडशे मारले होते, आणि फायनलला पण आपल्याला दम घेऊ दिला नाही. वेस्ट झोन हरला. त्यानंतर झोनच बंद केले, इंडिया ए, इंडिया बी अशा टीम आल्या, मग सी पण आली, आणि तिथे मात्र तुमचं म्हणणं मला पटतं, इंडिया सी ला कोण कशाला सपोर्ट करेल, ती टीम कुठल्या गावची?

इतिहासाबद्दल पण थोडं लिहितो कारण हल्ली पोरांना वाटतं ही कुठली तरी नवी स्पर्धा आहे. देवधर ट्रॉफी 1973-74 ला सुरू झाली, म्हणजे आपली इंडियाची टीम पहिली वन डे खेळली नव्हती तेव्हा. ती मॅच जुलै 1974 ला हेडिंग्लेला झाली, कॅप्टन आपला अजित वाडेकर. आपल्याकडे लोकांना वन डे म्हणजे काय हे नीट माहीत नव्हतं त्या काळात पाच झोन या ट्रॉफीसाठी भिडत होते. आणि नाव कोणाचं तर प्रोफेसर दि. ब. देवधरांचं. पुण्याच्या एसपी कॉलेजात संस्कृत शिकवायचे, महाराष्ट्राला 1939-40 आणि 1940-41 अशी लागोपाठ दोनदा रणजी जिंकून दिली, दुसऱ्या वर्षी आपल्या मुंबईला 246 मारले तेव्हा वय पन्नाशीला टेकलं होतं, आणि शंभरी ओलांडून 1993 मध्ये गेले. त्यांच्याच कॅप्टनशिपमध्ये 1939-40 ला महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध एका पोराने नाबाद 316 केले, तो सांगलीचा विजय हजारे. म्हणजे तुम्ही ज्या दोन ट्रॉफींची तुलना करताय त्या दोन्ही नावांची माणसं एकाच ड्रेसिंग रूममध्ये बसलेली आहेत, एक कॅप्टन आणि एक त्याचा बॅट्समन. एक ट्रॉफी ठेवून दुसरी काढायची हे मला त्यामुळे अजूनच टोचतं.

लोक म्हणतात कॅलेंडरमध्ये जागा नाही. मला हे पटत नाही. 2023 ला सहा झोन होते (नॉर्थ ईस्ट वेगळा काढला), प्रत्येक टीम बाकी पाचही टीमशी खेळली, वर फायनल, आणि हे सगळं 24 जुलै ते 3 ऑगस्ट एका गावात उरकलं. आपल्याकडे तेव्हा धो धो पाऊस असतो, ओव्हल आणि आझाद मैदानात चिखल, पण तिकडे पुद्दुचेरीत खेळता येतं. अकरा दिवस निघत नाहीत असं कसं होईल? दुलीप ट्रॉफीचंही मध्ये टीम ए, टीम बी केलं होतं, 2025 ला परत झोनवर आणलीच ना, सेंट्रल झोन जिंकला पण, आणि त्यात विदर्भाची पोरं होती.

माझं म्हणणं विचाराल तर विजय हजारे संपली की लगेच दहा बारा दिवसांत देवधर घ्यावी. विजय हजारेत ज्यांनी ढिगाने रन केलेत, विकेट काढल्यात, त्यांना झोनच्या टीममध्ये घ्या आणि एकमेकांसमोर उभं करा. अरुणाचलचा किंवा मिझोरमचा एखादा चांगला पोरगा असेल तर तोही नॉर्थ ईस्टकडून येईल आणि त्यालाही मुंबई कर्नाटकच्या बॉलरसमोर आपला खेळ दाखवता येईल. आणि फायनल एकदा तरी वानखेडेवर ठेवा. मी येईन.